निखाऱ्यावरच्या मांसासाठी चिंचगुळाचा सॉस

निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाला लावायच्या सॉसमध्ये आंबट, गोड, खारट आणि तिखट या चार चवी एकमेकींना धरून असाव्या लागतात. पाचवी गोष्ट चवीची नाही, अंगाची आहे: दाटपणा. पातळ सॉस मांसावरून ओघळून निखाऱ्यात पडतो, धूर करतो आणि वाया जातो. फार दाट सॉस पसरत नाही. जिथे लागला तिथेच थापून बसतो आणि तिथेच करपतो. चांगला सॉस ब्रशने लावला की पातळ थर धरतो, आचेवर मिनिटभरात त्याला तकाकी येते आणि त्यावर दुसरा थर चढतो. बाटलीतला तयार सॉस या कामी चालतो, पण त्यात गोडवा बेसुमार असतो. अनेक अमेरिकन बार्बेक्यू सॉसांत दोन मोठ्या चमच्यांमागे १२ ते १६ ग्रॅम साखर असते, म्हणजे वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. घरच्या सॉसमध्ये ती निम्म्यावर आणता येते, आणि आणावीच.

छत्तीसगडमधल्या भिलाईत या सॉससाठी लागणारे बहुतेक सगळे जवळपासच पिकते. टोमॅटो दुर्ग जिल्ह्यातलाच. धमध्याचा पट्टा टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तिथला माल बाजारात लोटतो, आणि एखाद्या वर्षी भाव असा कोसळतो की तोडणीची मजुरीही सुटत नाही. गूळ कबीरधाम जिल्ह्यातला, म्हणजे कवर्ध्याकडचा. तिथे ऊस आहे, भोरमदेवच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे आणि गुऱ्हाळेही पुष्कळ आहेत. चिंच बस्तरची. जगदलपूरची चिंचेची बाजारपेठ देशातल्या मोठ्या बाजारपेठांत गणली जाते. तिथे चिंच दोन प्रकारांत विकली जाते: चिंचोक्यासकट असलेली ‘आटी’ आणि चिंचोके काढून साफ केलेली ‘फूल’. सॉससाठी फूल चिंच घ्यावी. आटी स्वस्त पडते, पण तिच्यातून कोळ काढताना शिरा, टरफलाचे तुकडे आणि चिंचोके वेगळे करण्यात वेळ जातो, आणि वजनात काय मिळाले याचा अंदाजही चुकतो.

छत्तीसगडच्या घराघरांत या सॉसचा निम्मा भाग पूर्वीपासून होतोच. टोमॅटोला तिथे ‘पताल’ म्हणतात. चुलीच्या निखाऱ्यात पताल भाजायचे, साल काढायची, आणि हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, मीठ घालून पाट्यावर वाटायचे. ही पताल चटणी चीला, फरा या तांदळाच्या पदार्थांबरोबर आणि अंगाकर रोटीबरोबर खाल्ली जाते. अंगाकर म्हणजे तांदळाच्या पिठाची जाड भाकरी, पानात धरून निखाऱ्यावर भाजलेली. कोकणातली पानगी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तिची ओळख लगेच पटेल. पताल चटणीत भाजलेल्या टोमॅटोचा धूरकट आंबटपणा असतो, तिखट असते, मीठ असते. नसतो तो गोडवा आणि आटवून आणलेला दाटपणा. या दोन गोष्टींची भर घातली की तीच चटणी मांसावर लावण्याजोगी होते.

ही भर कशी घालावी हे मराठी स्वयंपाकाला शिकवावे लागत नाही. चिंचगुळाची आमटी करणारा हात आंबट आणि गोड यांना एकमेकांवर कुरघोडी करू देत नाही, आणि सॉसमध्ये खरे कसब तेवढेच आहे. भिलाई, दुर्ग, रायपूर, बिलासपूर या पट्ट्यात मराठी घरे जुनी आहेत. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपुरातून छत्तीसगडचा कारभार पाहत, आणि १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढेही राजधानी नागपूरच राहिली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. ती व्यवस्था १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने संपली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. त्यानंतरच्या वर्षांत पंजाबी, मल्याळी, तेलुगू, बंगाली, ओडिया कुटुंबे कारखान्याच्या वसाहतीतल्या क्वार्टरांत राहायला आली, आणि विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही. एका भिंतीपलीकडे तंदूर आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे नारळाचे वाटण, अशा शेजारात चिंचगुळाचा सॉस कोणालाच परका वाटत नाही.

जगात या जातीचे सॉस पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे पाहिले की घटकांचे काम स्पष्ट होते. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा सॉस टोमॅटो आणि काकवीचा, दाट आणि गोड. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात व्हिनेगर आणि मिरची एवढ्यावरच भागते. साखर चिमूटभर किंवा मुळीच नाही. साउथ कॅरोलायनात जर्मन वसाहतकऱ्यांच्या सवयीतून मोहरीचा पिवळा सॉस आला. जपानी तेरियाकीत आंबट जवळजवळ नसतेच, सोया आणि गोड मिरिन यांवर सगळी तकाकी असते. भिलाई उभारायला आलेल्या सोव्हिएत तज्ज्ञांच्या देशात शाश्लिक म्हणजे सळईवरचे मांस लोकप्रिय होते, आणि जॉर्जियात त्याच्याबरोबर आंबट आलुबुखाऱ्याचा त्केमाली खातात; गोडवा तिथे नाममात्र. आणखी एक बाटली लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये १८३७ पासून विकल्या जाणाऱ्या ली अँड पेरिन्सच्या वूस्टर सॉसमध्ये व्हिनेगर, काकवी आणि खारवलेल्या माशांच्या बरोबरीने चिंच असते. अनेक पाश्चात्त्य बार्बेक्यू सॉसांत वूस्टर सॉस चमचाभर पडतोच. म्हणजे परदेशी पाककृतीतली ती महाग बाटली आणण्याऐवजी बस्तरची चिंच थेट घातली तर काही बिघडत नाही, उलट एक टप्पा वाचतो.

भारतातल्या भाजलेल्या मांसाला असा वरून लावायचा गोड थर सहसा नसतो. तंदुरी कोंबडीची सगळी चव आधीच्या मुरवणीत असते: दही, आले-लसूण, तिखट, मसाला. भाजून झाल्यावर लिंबू आणि चाट मसाला, की संपले. ही रीत आपल्या जागी उत्तम आहे. संध्याकाळच्या गाड्यांवर तंदुरी तंगडीवर बाटलीतला लाल सॉस ओतून देतात, तो प्रकार मात्र दोन्ही रीतींचा बिघाड करतो; दह्याची चव झाकली जाते आणि सॉस कच्चाच राहतो. सॉस लावायचा असेल तर मुरवण साधी ठेवावी. मीठ, हळद, आले-लसूण आणि थोडे तेल पुरते. दही आणि गरम मसाला यांची गर्दी नको.

सुमारे ७०० मिलिलिटर सॉससाठी पुढील प्रमाण ठरते, आणि ते अडीच ते तीन किलो मांसाला पुरते. पिकलेले लाल टोमॅटो १ किलो, कांदे २०० ग्रॅम, लसूण २० ग्रॅम, आले १० ग्रॅम, फूल चिंच ६० ग्रॅम, गूळ १२० ग्रॅम, व्हिनेगर ६० मिलिलिटर, सोया सॉस २० मिलिलिटर, मीठ १५ ग्रॅम, काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीचे तिखट १० ग्रॅम, भाजलेल्या जिऱ्याची पूड ५ ग्रॅम, मोहरीपूड ५ ग्रॅम, मिरपूड ३ ग्रॅम, तेल ३० मिलिलिटर आणि दगडफूल दोन-तीन पाकळ्या. दगडफूल ऐच्छिक नाही असे समजावे. सावजी मसाला खाणाऱ्या वैदर्भी माणसाला त्याचा वास ओळखीचा असतो. दगडफूल तेलात परतले की तो वास मातकट, धुराच्या अंगाचा होतो. परदेशी बाटल्यांत ‘स्मोक फ्लेवर’ म्हणून जे घालतात त्याचे काम दगडफूल जास्त सभ्यपणे करते.

टोमॅटो निवडताना थोडा विचार लागतो. बाजारात येणारे संकरित टोमॅटो जाड गराचे, टिकाऊ आणि कमी आंबट असतात. गावठी टोमॅटो लहान, पातळ सालीचे, रसाळ आणि आंबट. त्यात बिया जास्त. निव्वळ गावठी घेतले तर आटवायला वेळ लागतो, निव्वळ संकरित घेतले तर सॉस दाट होतो पण चव मिळमिळीत राहते. दोन भाग संकरित आणि एक भाग गावठी ही वाटणी चांगली. हिवाळ्यात हा सॉस करावा, याला भावाखेरीज हेही कारण आहे की तेव्हाचा टोमॅटो झाडावर पिकलेला असतो. पावसाळ्यात तो महाग असतो आणि बहुधा आतून पांढरा निघतो.

गुळाच्या बाबतीत रंगाला भुलू नये. पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रोस नावाचे रसायन घालून उजळलेला असतो. तपकिरी, किंचित काळसर गूळ घ्यावा. त्याला काकवीची जी कडसर किनार असते तीच या सॉसला हवी. गुळात कचरा असतोच, म्हणून तो अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळून घालावा. गुळाऐवजी साखर घालणाऱ्यांनी १०० ग्रॅमपेक्षा जास्त घालू नये. साखरेचा गोडवा एकेरी असतो आणि लगेच वर येतो.

आता भांडे. चिंच आणि टोमॅटो यांच्यातली आम्ले धातू खातात, म्हणून बिनकल्हईचे पितळ आणि साधे ॲल्युमिनियम टाळावे. लोखंडी कढईत चिंचेचा सॉस आटवला तर तो काळवंडतो आणि त्याला लोखंडाची चव येते. जाड बुडाची स्टेनलेस स्टीलची कढई सर्वांत बरी. भिलाईत राहणाऱ्यांनाही ही कढई बाहेरूनच आणावी लागते, कारण भिलाईचा कारखाना रेल्वेचे रूळ, जाड पत्रे आणि बांधकामाचे पोलाद करतो. स्टेनलेस स्टीलसाठी सेलचा, म्हणजे भिलाईचा कारखाना चालवणाऱ्या सरकारी कंपनीचा, वेगळा कारखाना तामिळनाडूत सेलमला आहे.

पहिले काम टोमॅटो भाजण्याचे. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असते, म्हणजे एक किलोत जेमतेम ६० ग्रॅम घन भाग. पाणी उडवल्याशिवाय सॉस होत नाही, आणि ते कढईत उडवण्याऐवजी थोडे निखाऱ्यावरच उडवले तर वेळही वाचतो आणि चवही वाढते. शेगडीतले निखारे राखाडी झाले की टोमॅटो देठाची बाजू वर ठेवून जाळीवर मांडावेत. दोन-तीन मिनिटांत खालची साल ताणली जाते, मग बारीक आवाज करून फाटते, आणि फटीतून रस सुटून जाळीच्या काड्यांवर चुरचुरतो. साल काळी पडून सुरकुतली की टोमॅटो फिरवावा. चारी बाजू अशा झाल्या आणि चिमट्याने धरल्यावर टोमॅटो दबू लागला की तो ताटलीत काढावा. फार वेळ ठेवला तर तो फुटून खाली पडतो. ताटलीत सुटलेला तांबूस रस फेकू नये, तो कढईतच जायचा आहे. साल निवल्यावर सहज निघते. तिचे चार-दोन काळे तुकडे राहिले तर राहू द्यावेत, सगळी ठेवली तर कडवटपणा येतो. कांदेही सालीसकट त्याच निखाऱ्यात पुरून भाजावेत. गॅसवर हे होते, पण गॅसवर भाजलेल्या टोमॅटोला धूर लागत नाही.

चिंच २०० मिलिलिटर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळ गाळून ठेवावा. कढईत तेल तापवून दगडफूल टाकावे. ते काळपट होऊन फुलले की लगेच आले-लसणाचे वाटण घालावे. त्यावर भाजलेला कांदा बारीक चिरून, मंद आचेवर चांगला तांबूस होईपर्यंत परतावा. ही पायरी घाईने केली तर सॉसला पुढे कच्च्या कांद्याचा वास राहतो आणि तो कशानेही जात नाही. मग आच अगदी बारीक करून तिखट घालावे, दहा सेकंद हलवावे आणि लगेच टोमॅटो ओतावेत. तिखट जळाले तर पुन्हा सुरुवात करणे हाच उपाय. टोमॅटो रटरटू लागले की वीस मिनिटे उघड्या कढईत शिजू द्यावेत, आणि मग चिंचेचा कोळ, गुळाचे पाणी, सोया सॉस, मीठ, मोहरीपूड घालावी. सगळे थोडे निवल्यावर मिक्सरमधून फिरवून गाळणीतून घासून घ्यावे. पाट्यावर वाटले तर कण राहतात. खायला ते छान, पण मांसावर थर द्यायचा असेल तर कण आधी करपतात.

गाळलेला सॉस परत कढईत घालून आटवायचा. आता तो उडतो. आटत आलेल्या सॉसचे बुडबुडे जड होतात, फुटताना थेंब हातभर लांब फेकतात आणि अंगावर पडले तर गुळामुळे चिकटून भाजतात. कढईवर उपडी गाळणी किंवा अर्धवट झाकण ठेवून, लांब दांड्याच्या पळीने तळापासून हलवत राहावे. तीस ते चाळीस मिनिटे लागतात. आटण्याच्या शेवटी व्हिनेगर, जिरेपूड आणि मिरपूड घालून पाच मिनिटांत उतरवावे. व्हिनेगर आधी घातले तर त्याचा तीक्ष्ण वास आणि थोडा आंबटपणा वाफेबरोबर निघून जातो.

सॉस झाला की नाही हे कढईत पाहून कळत नाही, कारण गरम सॉस नेहमी पातळ दिसतो. थंड बशीवर चमचाभर टाकून अर्धा मिनिट थांबावे आणि बोटाने मधून रेघ ओढावी. रेघ भरून आली तर अजून आटवायचे आहे. रेघ राहिली आणि कडेला पाणी सुटले नाही तर सॉस तयार आहे. तुलनेसाठी, भारतातल्या नियमांनुसार बाजारातल्या टोमॅटो सॉसमध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान २५ टक्के असावे लागतात. घरचा सॉस या कसोटीला सहज उतरतो.

चवीचा तोल याच वेळी पाहावा, पण सॉस चमच्याने चाटून नव्हे. नुसता चाखलेला सॉस फार तीव्र लागायला हवा. तो मांसाबरोबर खायचा आहे. भाजलेल्या किंवा उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्याला लावून पाहावा. आंबट पुढे आले तर गूळ वाढवण्याआधी मीठ वाढवून बघावे, कारण पुष्कळदा उणीव मिठाची असते आणि मीठ पडताच गोडवा आपोआप वर येतो. गोड पुढे आले तर व्हिनेगरचा एक चमचा. चिंच पुन्हा घातली तर सॉस परत शिजवावा लागतो. तिखट कमी वाटले तर मिरपूड घालावी, लाल तिखट नाही, कारण कच्चे तिखट घशाला लागते.

मोहाची फुले हा छत्तीसगडचा स्वतःचा गोडवा आहे. वाळलेल्या मोहफुलांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. पुंकेसर झटकून पन्नास ग्रॅम फुले पाण्यात उकळून, गाळून, आटवून पाक केला तर तो गुळाच्या एक तृतीयांश भागाऐवजी घालता येतो. त्यापुढे जाऊ नये. मोहाचा वास बकऱ्याच्या मांसाबरोबर जमतो, कोंबडीवर मात्र कुरघोडी करतो. आंबटासाठीही बस्तरकडे एक नामी पर्याय आहे, लाल मुंग्यांची चापडा चटणी. मुंग्यांतल्या फॉर्मिक आम्लामुळे ती लिंबासारखा झणका देते. तिच्या जातीच्या, ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण चापडा ताजी वाटून खायची चीज आहे, ती आटवण्यात अर्थ नाही.

सॉस कितीही चांगला असला तरी तो बिघडवण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे शेगडी. पहिला मुद्दा इंधनाचा. पोलादाच्या गावात दगडी कोळसा आणि कोक यांची माणसाला सवय असते, आणि छत्तीसगडमध्ये सिगडीवर दगडी कोळसा वर्षानुवर्षे जळत आला आहे. भांडे वर असताना ते चालून जाते. उघडे मांस मात्र दगडी कोळशावर कधीही भाजू नये. त्याच्या धुरात गंधकाची संयुगे आणि डांबरी पदार्थ असतात, ते थेट मांसावर बसतात. लाकडी कोळसाच वापरावा. क्वार्टरच्या अंगणातल्या आंब्याच्या किंवा पेरूच्या वाळलेल्या फांद्या जाळून केलेले निखारे तर उत्तम. रॉकेल टाकून कोळसा पेटवू नये, वास जात नाही. जाळीही पाहून घ्यावी: जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी तापल्यावर आणि आंबट सॉस लागल्यावर जस्त सोडते. साध्या लोखंडी सळ्यांची किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी.

दुसरा मुद्दा वेळेचा, आणि बहुतेकांचे इथेच चुकते. सॉसमधली साखर मांस शिजण्याच्या खूप आधी जळते. फळांतली आणि गुळातली फ्रुक्टोज सुमारे ११० अंश सेल्सियसला रंग धरू लागते, साधी साखर १६० च्या पुढे. निखाऱ्यावरची जाळी याहून कितीतरी तापलेली असते. कोंबडीची तंगडी मध्यम आचेवर शिजायला ३० ते ४० मिनिटे लागतात. सुरुवातीलाच सॉस लावला तर दहाव्या मिनिटाला बाहेरून कोळसा आणि आत रक्त अशी गत होते. म्हणून मांस आधी नुसते भाजावे, आणि सॉस शेवटच्या आठ-दहा मिनिटांत तीन हात देऊन लावावा.

आच मोजायला हात पुरतो. जाळीच्या वर चार बोटे तळहात धरावा: दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर आच तेज, चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम, सात-आठ टिकला तर मंद. तंगड्या मध्यम आचेवर भाजाव्यात, आणि सॉस लावताना त्या शेगडीच्या मंद बाजूला सरकवाव्यात. त्यासाठी निखारे आधीच एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला विरळ पसरून ठेवावेत. पहिला हात बसतो तेव्हा सॉस मॅट, लालसर दिसतो आणि कडांना बारीक बुडबुडे येतात. दोन मिनिटांत बुडबुडे थांबतात, रंग विटेसारखा होतो, बोट लावले तर चिकटते पण ओले लागत नाही. तेव्हा उलटून दुसरी बाजू. तिसऱ्या हाताला हाडाजवळच्या घडीत सॉस काळसर होऊ लागला की उतरवावे. आणखी एक मिनिट ठेवण्याचा मोह टाळावा. कोंबडीचे मांस आत ७४ अंशांवर पोहोचायला हवे. थर्मामीटर नसेल तर हाडाजवळ सुरी टोचून निघणारा रस स्वच्छ आहे का ते पाहावे.

कच्च्या मांसाला लागलेला ब्रश सॉसच्या बाटलीत बुडवू नये. लागेल तेवढा सॉस वाटीत काढून घ्यावा आणि उरलेला फेकावा. पानात वाढायचा सॉस वेगळ्या वाटीतला.

बकऱ्याच्या मांसाला थोडी वेगळी तयारी लागते. मांडीचे तुकडे थेट निखाऱ्यावर चामट होतात, म्हणून किलोमागे दोन चमचे कच्च्या पपईचे वाटण लावून दोन तास ठेवतात. पपईतले पपेन मांसाचे धागे तोडते. रात्रभर ठेवले तर वरचा थर पिठूळ होतो. दुसरा मार्ग म्हणजे मांस कुकरमध्ये ऐंशी टक्के शिजवून मग दहा-बारा मिनिटे निखाऱ्यावर धरणे. सॉस चांगला बसतो तो याच रीतीने. माशाला हा सॉस जड होतो. थोड्या पाण्यात सैल करून, लिंबू पिळून, अगदी शेवटी एकच हात द्यावा. कडकनाथाची गोष्ट वेगळी. काळ्या मांसाची ही कोंबडी मूळची झाबुआची. तिच्यात चरबी कमी आणि मांस घट्ट असते, म्हणून निखाऱ्यावर ती कोरडी पडते. दंतेवाड्याकडे तिची पैदास होत असली आणि ती महाग असली, तरी तिचा रस्साच करावा. मांस न खाणाऱ्यांसाठी फणसाच्या उकडलेल्या फोडी आणि पनीर यांवर हा सॉस बसतो. फणसावर तर फारच.

साठवणीचे गणित आम्लतेवर चालते. बॉट्युलिनम हा घातक जंतू ४.६ च्या वरच्या पीएचमध्ये वाढू शकतो. टोमॅटोचा पीएच या आकड्याच्या आसपास असतो, म्हणजे काठावरच. कांदा आणि लसूण तो वर नेतात. चिंच आणि व्हिनेगर त्याला खाली, ४ च्या आसपास आणतात. त्यामुळे गोड कमी-जास्त करायला हरकत नाही, पण चिंच आणि व्हिनेगर यांचे प्रमाण घटवून सॉस महिनाभर ठेवण्याचा विचार करू नये. खात्री करायची असेल तर पीएच पट्ट्या स्वस्त मिळतात.

काचेच्या बाटल्या आणि झाकणे दहा मिनिटे उकळून, उपडी ठेवून कोरड्या कराव्यात. सॉस गरम असतानाच भरावा, वर बोटभर जागा ठेवावी, झाकण घट्ट लावावे आणि निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे. मे महिन्यात भिलाईचा पारा ४५ अंशांच्या जवळ जातो; तेव्हा फळीवर ठेवलेल्या बाटलीवर भरवसा ठेवू नये. फ्रीजमध्ये सॉस तीन ते चार आठवडे चांगला राहतो, आणि पहिले दोन-तीन दिवस मुरल्यावर जास्त चांगला लागतो. प्रत्येक वेळी कोरडा, स्वच्छ चमचा वापरावा. झाकण उघडताना फुस्स असा आवाज आला, वर बुडबुडे दिसले किंवा आंबल्याचा वास आला तर चव पाहत बसू नये. बाटली सरळ रिकामी करावी.